पेलेच्या पहिल्या गोलाची आशियाई कुळकथा

विश्वचषकातला आपला पहिला गोल पेलेनं १९ जून १९५८ रोजी स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला केला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ब्राझीलनं तो उपांत्यपूर्व सामना १-० असा जिंकला आणि दहा दिवसांनी विश्वचषकही जिंकला. फुटबॉलवेड्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हे सांगेल. समोर वेल्सचा संघ होता, हेही पुष्कळांना आठवत असतं. मात्र तो वेल्सचा संघ स्वीडनला आला होता आशिया आणि आफ्रिकेच्या जागेवर. त्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे निकाल खंडवार वाचत असताना आशिया-आफ्रिकेच्या रकान्यात, इंडोनेशिया, चीन, सुदान, सीरिया यांच्या खाली, शेवटच्या ओळीत मला वेल्सचं नाव दिसलं आणि मी या प्रकरणाच्या मागे लागलो.

त्या शेवटच्या ओळीत दोन सामने होते : इस्राएल विरुद्ध वेल्स, एकदा इकडे, एकदा तिकडे. आज ज्याला आपण आंतरखंडीय प्ले-ऑफ म्हणतो, म्हणजे एका खंडाच्या संघानं दुसऱ्या खंडाच्या संघाला हरवून विश्वचषकाचं शेवटचं तिकीट मिळवायचं, त्याचा हा पहिला प्रयोग. तो का करावा लागला हे शोधत मागे गेलं, की वाट मध्यपूर्वेतून, जकार्तातून, रॉटरडॅममधून फिरून शेवटी भारताच्या दारात येते. या प्ले-ऑफच्या कुळात मूळपुरुष म्हणून १९५०च्या भारतीय संघाचं नाव लिहायला हवं, असं माझं मत आहे. ते सगळ्यांना पटणार नाही, म्हणून विरुद्ध बाजूचे पुरावेही इथे मांडतो.

सुरुवातीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९३०चा पहिला विश्वचषक निमंत्रणावर झाला. १९३४ला संघ जास्त झाले म्हणून पात्रता फेरी आली आणि ती यजमान इटलीलाही खेळावी लागली. मेक्सिकोचा संघ तर समुद्र ओलांडून रोमला गेला, तिथे पात्रतेच्या सामन्यात अमेरिकेकडून ४-२ असा हरला आणि विश्वचषक सुरू व्हायच्या आत परत निघाला.

आपली गोष्ट सुरू होते १९३८ला. आशियाच्या गटात दोनच संघ होते, जपान आणि डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. जपान चीनशी युद्धात गुंतला होता. त्यानं माघार घेतली आणि डच ईस्ट इंडीजला पुढे चाल मिळाली. त्यानंतर फिफानं केलेली गोष्ट माझ्या मताच्या विरोधात जाणारा सर्वांत भक्कम पुरावा आहे. फिफानं या संघाला थेट फ्रान्सला न बोलावता रॉटरडॅमला अमेरिकेविरुद्ध एक सामना ठरवून दिला. म्हणजे न खेळता आलेल्या आशियाई संघानं निदान एकदा तरी दुसऱ्या खंडाच्या संघाशी खेळून दाखवावं, ही कल्पना १९३८लाच कुणाच्या तरी डोक्यात आलेली होती. आंतरखंडीय प्ले-ऑफचा जन्म १९३८चा असं ज्यांना म्हणायचं असेल, त्यांनी रॉटरडॅमकडे बोट दाखवावं.

तरी मी १९३८ मान्य करत नाही, कारण रॉटरडॅमचा तो सामना झालाच नाही. अमेरिकेनंही माघार घेतली, आणि मग फिफानं दुसरा प्रतिस्पर्धी शोधला नाही. डच ईस्ट इंडीजचा संघ एकही सामना न खेळता फ्रान्सला पोचला, रँस शहरात हंगेरीकडून ६-० असा हरला आणि विश्वचषकात खेळलेला पहिला आशियाई संघ म्हणून नोंदला गेला. त्याच वर्षी क्यूबालाही इतरांच्या माघारीमुळे प्रवेश मिळाला. त्या संघानं तर रुमानियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तात्पर्य, १९३८ला पुढे चाल मिळणं कमीपणाचं नव्हतं. प्रतिस्पर्धी मिळाला तर बरं, नाही मिळाला तर तसंच या, असा तो कारभार होता. याउलट १९५८ला एका संघानं नकार दिल्यावर फिफानं दुसरा शोधून काढला. या वीस वर्षांत काय बदललं, हा खरा प्रश्न आहे.

बदललं ते १९५०ला. युद्धामुळे बारा वर्षांनी विश्वचषक होत होता, यजमान होता ब्राझील. आशियाच्या गटात भारत, ब्रह्मदेश, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया होते. भारत सोडून तिघांनी माघार घेतली आणि भारताला एकही सामना न खेळता विश्वचषकाचं दार उघडलं. गटही ठरला : इटली, स्वीडन, पॅराग्वे आणि भारत. मग भारतानंही माघार घेतली.

याचं कारण म्हणून आपल्याकडे दोन पिढ्या एकच गोष्ट सांगितली जाते. आपले खेळाडू अनवाणी खेळायचे, फिफानं बूट सक्तीचे केले, म्हणून आपण गेलो नाही. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तालिमेरेन आओच्या नेतृत्वाखालचे आपले बहुतेक खेळाडू खरोखरच अनवाणी खेळले होते. फ्रान्सकडून फक्त २-१ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. त्यामुळे गोष्ट खरी वाटते. ती खोटी ठरवायला एकच तारीख पुरेशी आहे. १५ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाशी खेळला तेव्हाही आपले कित्येक खेळाडू अनवाणीच होते. ऑलिंपिकचं फुटबॉल फिफाच्याच नियमांनी चालतं. १९५०ला अनवाणी पायांना बंदी असती तर १९५२ला ते पाय हेलसिंकीच्या मैदानात उतरलेच नसते. त्या सामन्यात आपण १०-१ असे हरलो आणि बूट सक्तीचे झाले ते त्यानंतर, तेही आपल्याच महासंघाच्या निर्णयानं.

दुसरं कारण पैशांचं सांगतात. प्रवास लांबचा आणि जहाजाचा होता हे खरं. पण आपल्याच गटातला इटलीचा संघही जहाजानंच गेला. सुपेर्गाच्या टेकडीवर विमान कोसळून तोरिनोचा अख्खा संघ गेल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. शिवाय ब्राझीलनं प्रवासखर्चाचा मोठा भार उचलायची तयारी दाखवली होती.

तिसरं कारण जरा वजनदार आहे. विश्वचषकात व्यावसायिक खेळाडू असतात, त्यांच्याशी खेळलो तर आपल्या हौशी खेळाडूंना ऑलिंपिक बंद होईल, ही भीती. याचंही उत्तर आपल्याच गटात होतं. स्वीडननं १९४८चं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं, १९५०ला हौशी खेळाडू घेऊन ब्राझील गाठलं, तिथे तिसरा क्रमांक पटकावला आणि १९५२ला पुन्हा ऑलिंपिकला जाऊन कांस्यपदक आणलं. स्वीडनला जे जमलं ते भारताला नियमानं अडलं नव्हतं.

महासंघानं दिलेली कारणं साधी होती : संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. त्यांच्यामागची खरी गोष्ट ज्यांच्याकडे कर्णधारपद जायचं होतं त्या शैलेन मन्नांनी नंतर सांगून ठेवली आहे. आमच्यासाठी ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं, विश्वचषकाचं महत्त्व तेव्हा कुणाला वाटत नव्हतं, अशा आशयाचं त्यांचं सांगणं आहे. ते मला पूर्ण पटतं. १९५१ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ व्हायचे होते. इराणला १-० असं हरवून आपण ते सुवर्ण जिंकलंही. घरच्या कार्यासाठी दूरच्या लग्नाचं आमंत्रण टाळावं, तसा तो निर्णय होता.

आता माझ्या मताचा गाभा. १९५०ला न खेळता पात्र ठरलेला भारत एकटा नव्हता. अर्जेंटिना, पेरू आणि एक्वादोरच्या माघारीमुळे दक्षिण अमेरिकेतून चिली, बोलिव्हिया, पॅराग्वे आणि उरुग्वे हे चारही संघ पात्रतेचा एकही सामना न खेळता आले. त्यातला उरुग्वे तर विश्वविजेता झाला. पात्र होऊन न जाणाराही भारत एकटा नव्हता. स्कॉटलंडनं ब्रिटिश स्पर्धेत दुसरा क्रमांक आला म्हणून जायला नकार दिला आणि तुर्कस्ताननं सीरियाला ७-० असं हरवूनही माघार घेतली. पण या दोन याद्या शेजारी ठेवून पाहा. चिली, बोलिव्हिया, पॅराग्वे, उरुग्वे न खेळता पात्र झाले, पण ब्राझीलला आले. स्कॉटलंड आणि तुर्कस्तान आले नाहीत, पण त्यांनी आपली जागा मैदानावर खेळून मिळवली होती. न खेळता जागा घेतली आणि न खेळताच ती रिकामी सोडली, असा संघ एकच होता. दोन्ही याद्यांत येणारं एकमेव नाव भारताचं आहे.

सोळा संघांच्या त्या विश्वचषकात शेवटी तेराच उरले. भारताच्या गटात तीन सामने झाले, उरुग्वेच्या गटात फक्त एक. पुढे चालीनं जागा दिली तर ती पाण्यात जाऊ शकते, हा धडा आयोजकांना मिळाला असेल तर तो या रिकाम्या जागेनं दिला असणार. पुढे १९५८च्या विश्वचषकासाठी फिफाचा नियम आला : यजमान आणि गतविजेता सोडून कुणीही निदान एक सामना खेळल्याशिवाय विश्वचषकाला यायचं नाही.

इथे एक मोठी अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १९५४ला पोलंडनं माघार घेतली आणि हंगेरी पात्रतेचा एकही सामना न खेळता स्वित्झर्लंडला गेली, अंतिम सामन्यापर्यंत पोचली. भारतानं धडा शिकवला होता, तर चार वर्षांनी हंगेरीला कुणी का अडवलं नाही? माझं उत्तर असं. हंगेरी तेव्हा ऑलिंपिकविजेती होती, वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवून आलेली होती. पुश्काश आणि कोचिश यांच्या संघाची पात्रता तपासायची गरज कुणालाच वाटली नसणार. नियमाची गरज भासली ती ज्यांची ताकद युरोपला ठाऊक नव्हती त्यांच्यासाठी. त्यात १९५४ला आशियातून आलेला दक्षिण कोरिया हंगेरीकडून ९-० आणि तुर्कस्तानकडून ७-० असा हरला. कोरिया पुढे चालीनं आला नव्हता. त्यानं टोकियोत जपानशी दोन्ही सामने खेळून, एक ५-१ असा जिंकून आणि दुसरा २-२ असा बरोबरीत सोडवून जागा मिळवली होती. तरीही त्या सोळा गोलांनी आशियाबद्दलचा संशय वाढवलाच असणार. म्हणून मी मत थोडं रुंद करून मांडतो : नियमाचं बीज भारतानं सोडलेल्या रिकाम्या जागेत आहे, आणि त्याला खतपाणी कोरियाच्या पराभवांनी घातलं.

आता १९५७. आशिया आणि आफ्रिका दोघांना मिळून एक जागा. इस्राएल त्या वेळी आशियाई महासंघात होता, आणि सुएझच्या युद्धाला वर्षही झालं नव्हतं. इस्राएलच्या गटात तुर्कस्तान होता. आपण युरोपचे, आपल्याला आशियात का घातलं, म्हणत त्यानं माघार घेतली. पुढच्या फेरीत समोर आला इंडोनेशिया. तो साधासुधा संघ नव्हता. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यानं सोव्हिएत संघाला ०-० असं रोखलं होतं आणि पात्रता फेरीत चीनला तीन सामन्यांच्या झुंजीनंतर, रंगूनमधल्या बरोबरीवर, गोलसरासरीनं मागे टाकलं होतं. इस्राएलशी तटस्थ मैदानावर खेळू द्या, ही त्याची मागणी फिफानं नाकारली आणि इंडोनेशियानं माघार घेतली. दुसऱ्या बाजूनं इजिप्तनं, पहिल्याच आफ्रिका चषकाच्या विजेत्यानं, अंग काढून घेतलं. उरला सुदान. जेमतेम वर्षभर आधी स्वतंत्र झालेल्या या देशानं सीरियाला हरवलं होतं. त्यानंही इस्राएलशी खेळायला नकार दिला.

दोन खंडांच्या या पात्रता स्पर्धेत मिळून पाच सामने झाले, आणि त्यांतला एकही इस्राएल खेळला नव्हता. तरी जागा इस्राएलची होती. नियम आडवा आला तो इथे.

फिफानं तोडगा काढला. इतर गटांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्यानं इस्राएलशी दोन सामने खेळायचे आणि जिंकणाऱ्यानं स्वीडनला जायचं. चिठ्ठीवर विश्वचषकाचं तिकीट ठरणं तेव्हा नवं नव्हतं. १९५४ला स्पेन आणि तुर्कस्तान यांच्यातली बरोबरी फुटेना, तेव्हा रोममध्ये एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चिठ्ठी काढायला लावली होती आणि ती तुर्कस्तानच्या नावाची निघाली होती. १९५७च्या डिसेंबरात निघालेली चिठ्ठी बेल्जियमची होती. बेल्जियमनं नकार दिला. दुसरी निघाली वेल्सची.

बेल्जियमखेरीज आणखी कुणी नकार दिला का, यावर वाद आहेत. काही जण उरुग्वेचं नाव घेतात, काही इटलीचं. उरुग्वेचं शक्य वाटतं. पॅराग्वेकडून ५-० असा मार खाऊन तो बाहेर पडला होता, आणि मागच्या दारानं यायची लाज त्या माजी विश्वविजेत्याला वाटली असेल तर नवल नाही. इटलीचं मात्र तारखांत बसत नाही. इटलीचा गट संपला तो १५ जानेवारी १९५८ला, बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडकडून २-१ असं हरल्यावर. तोपर्यंत तो संघ स्पर्धेत जिवंत होता, मग डिसेंबरातली चिठ्ठी त्याच्या नावाची कशी निघेल? नेमक्या त्याच १५ जानेवारीला इस्राएलच्या रामात गानमध्ये वेल्सचा पहिला सामना चालू होता. इटलीचं नाव या कुळकथेतून मी खोडतो.

वेल्सनं नकार दिला नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या मागे राहून गमावलेली संधी परत आली होती. रामात गानला वेल्स २-० असा जिंकला, आयव्हर ऑलचर्च आणि डेव्ह बोवेन यांच्या गोलांवर. परतीचा सामना ५ फेब्रुवारीला कार्डिफच्या निनियन पार्कवर झाला. तिथेही २-०, गोल ऑलचर्च आणि क्लिफ जोन्स यांचे. त्यामुळे इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि वेल्स हे ब्रिटनचे चारही संघ एकाच विश्वचषकाला गेले. असं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि पुढेही झालेलं नाही.

कार्डिफच्या त्या सामन्याला आणखी एक धागा जोडलेला आहे. वेल्सचे प्रशिक्षक जिमी मर्फी एरवी मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅट बस्बींचे उजवे हात होते. ५ फेब्रुवारीलाच युनायटेड बेलग्रेडला खेळत होती. मर्फींची जागा त्या दौऱ्यात होती, पण देशाच्या संघासाठी ते कार्डिफला थांबले. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर म्युनिकला युनायटेडचं विमान कोसळलं. तेवीस माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू होते. मर्फींच्या ऐवजी गेलेले बर्ट व्हॉलीही त्यात गेले. बस्बी इस्पितळात असताना युनायटेडचा संघ नव्यानं उभा करून त्याला एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणारे मर्फीच, आणि महिन्याभरानं वेल्सला घेऊन स्वीडनला गेलेलेही तेच. आशिया-आफ्रिकेच्या एका रिकाम्या जागेनं मर्फींचे प्राण वाचवले, असं मी जपून पण ठामपणे म्हणतो.

स्वीडनमध्ये वेल्सनं गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि जादा सामन्यात हंगेरीला २-१ असं हरवलं. युवेंतुसचा धिप्पाड जॉन चार्ल्स त्या सामन्यात जखमी झाला आणि ब्राझीलविरुद्ध खेळू शकला नाही. त्याच्याविना वेल्सनं ब्राझीलला तासाभराहून अधिक वेळ रोखलं. मग पेलेनं चेंडू छातीवर घेतला, वळला आणि वेल्सचा गोलरक्षक जॅक केल्सीला चकवलं. पुढच्या विश्वचषकासाठी वेल्सला ६४ वर्षं थांबावं लागलं, थेट २०२२पर्यंत.

वेल्ससाठी जे दार ठरलं तेच आशिया-आफ्रिकेसाठी भिंत ठरली, आणि या कुळकथेतला मला सर्वांत अन्यायाचा वाटणारा भाग तो आहे. १९५८ची सोय अडचणीतून निघालेली होती. १९६२ला ती कायमची व्यवस्था झाली. आशियाला थेट जागा नाही, आफ्रिकेलाही नाही. दोन्हीकडच्या विजेत्यांनी युरोपच्या एकेका गटविजेत्याला हरवावं, तरच चिलीला यावं. कोरिया युगोस्लाव्हियाकडून ५-१ आणि ३-१ असा हरला, मोरोक्को स्पेनकडून १-० आणि ३-२ असा. मोरोक्कोसमोर स्पेन आला तो आधी वेल्सला हरवून. म्हणजे वेल्स जिंकला असता, तर सलग दुसऱ्या वेळी तो दुसऱ्या खंडाच्या वाटेत उभा राहिला असता. १९६२च्या विश्वचषकात आशिया-आफ्रिकेचा एकही संघ नव्हता.

१९६६साठी आफ्रिका, आशिया आणि ओशनिया मिळून एकच जागा ठेवली आणि आफ्रिकेच्या विजेत्यानं ती पुन्हा प्ले-ऑफमधून मिळवावी असं ठरलं. घानाचे ओहेने जान आणि इथिओपियाचे यिदनेकाचेव तेसेमा यांनी विरोधाचा झेंडा उभारला आणि आफ्रिकेनं बहिष्कार टाकला. शेवटी उत्तर कोरियानं नॉम पेन्हच्या तटस्थ मैदानावर ऑस्ट्रेलियाला ६-१ आणि ३-१ असं हरवून जागा मिळवली, आणि इंग्लंडला जाऊन इटलीला घरी पाठवलं. ज्यांची परीक्षा घ्यायला प्ले-ऑफ उभा केला होता, त्यांनी दिलेलं हे उत्तर होतं. १९७०ला आफ्रिकेला स्वतःची जागा मिळाली.

पुढे चाल आणि प्ले-ऑफ यांची पुन्हा एकदा गाठ पडली १९७३ला. सोव्हिएत संघ आणि चिली यांचा मॉस्कोतला पहिला सामना ०-० सुटला. दुसरा सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये व्हायचा होता. सप्टेंबरच्या लष्करी उठावानंतर त्याच स्टेडियममध्ये हजारो कैदी डांबले गेले होते. फिफाच्या पाहणी पथकानं मैदान योग्य ठरवलं, सोव्हिएत संघानं तिथे खेळायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला चिलीचे खेळाडू एकटेच मैदानात उतरले आणि समोर कुणीही नसताना फ्रान्सिस्को वाल्देसनं मोकळ्या जाळ्यात चेंडू ढकलला. न खेळता कुणी पात्र होऊ नये म्हणून जन्मलेल्या पद्धतीतला हा सर्वांत लाजिरवाणा दिवस.

निनियन पार्कलाही प्ले-ऑफनं पुन्हा गाठलं. १० सप्टेंबर १९८५ रोजी तिथे वेल्स आणि स्कॉटलंड भिडले. पणाला लागली होती ओशनियाच्या विजेत्याशी खेळायची संधी. डेव्ही कूपरच्या पेनल्टीनं १-१ अशी बरोबरी झाली आणि ती संधी स्कॉटलंडला मिळाली. त्याच रात्री मैदानाच्या कडेला स्कॉटलंडचे प्रशिक्षक जॉक स्टीन कोसळले आणि गेले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या प्ले-ऑफसाठी त्यांच्या जागी उभे राहिले त्यांचे सहायक अलेक्स फर्ग्युसन. वर्षभरानं ते मँचेस्टर युनायटेडला गेले.

पुढची पिढी लवकर सांगून होते. १९९३ला माराडोनाच्या अर्जेंटिनालाही ऑस्ट्रेलियाशी प्ले-ऑफ खेळूनच अमेरिकेचा विश्वचषक गाठावा लागला. १९९७ला इराणनं मेलबर्नमध्ये ०-२ वरून २-२ केलं. २००१ला इराणला हरवणारा आयर्लंड हा या वाटेनं गेलेला शेवटचा युरोपीय संघ. २००५ला ऑस्ट्रेलियानं सिडनीत उरुग्वेला पेनल्टीवर हरवलं. २००९ला बहरीनला हरवून गेलेला न्यूझीलंड पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात एकही सामना न हरलेला एकमेव संघ ठरला. २०२६साठी तर प्ले-ऑफची सहा संघांची छोटी स्पर्धाच झाली, दोन जागांसाठी.

या साऱ्यात भारत कुठे होता? १९५४ला आपला अर्ज फिफानं स्वीकारला नाही. १९५८साठी आपण नावच दिलं नाही, आणि हे मला फार लागतं. कारण १९५६ला मेलबर्नमध्ये प्रशिक्षक रहीम साहेबांचा भारतीय संघ ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता. हंगेरी न आल्यामुळे तिथेही पहिली फेरी पुढे चालीनंच पार झाली, पण त्यानंतर मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले आणि आपण ४-२ असे जिंकलो. वर्षभरानं आशियाची जागा जवळजवळ बेवारस पडली होती. विश्वचषक पात्रतेचा पहिला सामना भारत प्रत्यक्ष मैदानावर खेळला तो १९८५ला, पात्र ठरल्यानंतर ३५ वर्षांनी.

माझा निवाडा असा. आंतरखंडीय प्ले-ऑफची कल्पना १९३८ला रॉटरडॅमसाठी सुचली, तिला सक्तीचं रूप आलं ते १९५०नंतर, आणि मैदानावर ती उतरली १९५८ला. मधल्या सक्तीच्या टप्प्याला सर्वांत मोठा हातभार भारतानं सोडलेल्या जागेचा होता. विरुद्ध बाजूनं कुणाला बोलायचं असेल त्यानं १९५०च्या त्या दोन याद्या शेजारी ठेवाव्यात आणि दोन्हींत येणारं दुसरं नाव दाखवावं. आणि वाचकांना एक विनंती. यापुढे कुणी तुम्हाला अनवाणी पायांची गोष्ट सांगितली, तर त्याला हेलसिंकीची तारीख सांगा, आणि आपण न गेल्यामुळे पुढे काय काय घडलं तेही सांगा. आपल्या मुलांना ही खरी गोष्ट माहीत असायला हवी.